सरकून घ्या

रविवारी रात्री जेवण झालं की
पिवळ्या गोळ्या सहा. मेथोट्रेक्सेट.
हे नाव मी नारायण पेठेतल्या माझ्या टायपिंग क्लासच्या मुलींना
स्पीड टेस्टला दिलं असतं.
तेव्हा बोटं माझी होती.

डॉक्टर खासनीस म्हणाले,
तुमचा पहारेकरी घरच्यांनाच बडवतोय, कुमुदताई,
म्हणून त्याला गुंगी देतोय आपण.
नवी गोळी सुरू केली की तो आणखी पेंगणार.
त्याआधी नागिणीची लस घेऊन टाका. दोन डोस.

नागीण.
शब्द ऐकला आणि शेजारच्या खुर्चीत अक्कानं
डाव्या बरगडीवरचा पदर चिमटीनं उचलून धरला,
ओलं धुणं भिंतीला लागू नये, तसा.
गेल्या दिवाळीपासून ती असाच धरते.
फोड गेले, खपल्या पडल्या,
आग राहिली.

तेव्हा ढमढेरेकाकूंनी वाटीत गेरू कालवून आणला होता.
म्हणाल्या, तोंड-शेपूट जुळायच्या आत आडवी रेघ मारा,
वेढा पुरा झाला की माणूस जातं.
मी रेघ मारली. वाकडी आली.
दवाखान्यात गेलो तो सहावा दिवस,
आणि औषधाला पहिले तीन हवे असतात.
गेरू नखांतून निघाला. हे नाही निघत.

ती बाहेरून येत नाही, खासनीस सांगत होते,
लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना?
आल्या होत्या. शिरूरला. एकाच गोधडीवर दोघी,
उशाशी कडुलिंबाचा पाला,
आई म्हणायची, खाजवू नका गं, वण राहतील.
वण राहिले नाहीत.
राहिलं ते कण्याच्या कडेला,
साठ वर्षं, भाडं न देता.

किंमत ऐकून मी पर्स बंद केली.
अक्कानं तिची उघडली.
"मला कुणी सांगितलं नव्हतं," म्हणाली, नोटा मोजत,
आणि मोजताना चुकली, पुन्हा मोजल्या.

जिवंत लस नाही ही, नर्स म्हणाली,
तुम्हाला चालते. दंड सैल सोडा.
उद्या कदाचित अंग कसकसेल.
पुढची तारीख तिनं फाइलवर लिहिली,
सात हा आकडा एकासारखा.

बस मिळाली टिळक रस्त्यावर.
माझा दंड ठणकायला लागलेला,
तिची कूस नेहमीचीच.
मध्ये वीतभर जागा सोडून बसलो.
कंडक्टर म्हणाला, सरकून घ्या आजी, तिघांची सीट आहे.
आम्ही हललो नाही.
अक्कानं तीन तिकिटं काढली.