यादी क्रमांक सदतीस

पहाटे साडेपाच. इमाबारीत नऊ वाजलेले.
कुराशिगे-सान कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावून
माझ्या फोनमध्ये ताठ बसलेले असतात.
गुड मॉर्निंग, वादोनारु-सेन्सेई.
वडनाल, असं पहिल्या आठवड्यात सांगून पाहिलं मी.
त्यांच्या जिभेवर ल आणि र एकाच खोलीत राहतात,
भांडण न करता, भाडं अर्धं अर्धं.
ळ मी त्यांना दाखवलाच नाही.

विडी घरकुलात आज पाण्याची पाळी, पाचव्या दिवसाची.
फोन पिंपाच्या झाकणाला टेकवलेला,
एका हातात पाइप, दुसऱ्यात यादी.
कसला आवाज, ते विचारतात.
वॉटर, मी म्हणते.
इतका सोपा शब्द सात महिन्यांत
आमच्यात एकदाही आला नव्हता.
आमचं युबिक्विटस चालतं, अ‍ॅम्बिव्हॅलंट चालतं.
मेटिक्युलस त्यांना एका दमात जमला,
शेवटी एक उ चिकटला खरा,
पण कापडाला काठ लागतोच की.

मी तेलुगूत रडायला शिकले, मराठीत पाढे,
आणि इंग्रजी एका पुठ्ठा नसलेल्या कोशातून,
मंगळवार बाजारात वजनावर घेतलेल्या.
त्यात क्यू नाही. क्यूची पानं कुणीतरी
शेंगांच्या पुडीला वापरली असणार.
त्यांच्या घरात इंग्रजी आधीच शिरलेली, नाव बदलून:
मानशोन म्हणजे साधा फ्लॅट,
मिशिन म्हणजे फक्त शिलाईचं.
आमच्याकडंपण मिशिनच, मी म्हणाले.
आणि टावेल?
ताओरु.
त्या दिवशी शिकणं झालं नाही. नुसते हसलो,
टावेलांच्या दोन गावांतली दोन माणसं.

आज यादीत ऑब्सोलीट.
ओबुसोरीतो, ते हळू म्हणाले, अर्थ?
मी फोन उचलून कोपरा दाखवला.
फरशीत चार बोल्टांची भोकं.
नायनाचा माग इथं होता.
भंगारवाल्यानं लोखंड किलोवर घेतलं, लाकूड तसंच.
धोटा तेवढा राहिला, त्यात आम्ही पेनं ठेवतो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
नेटवर्क गेलं असं वाटलं मला.
मग त्यांनी वही वर धरली, एकच वाक्य:
मी ऑब्सोलीट आहे.
स्पेलिंग बरोबर. क्रियापद बरोबर.
उगीच घुसणारं आर्टिकलसुद्धा आज नव्हतं.
एकोणचाळीस वर्षं रंगखात्यात काढलेला माणूस
बरोबरच्या खुणेची वाट बघत होता
आणि माझं पिंप भरून वाहत होतं.

थांबा, मी म्हणाले. याच्या शेजारी अजून एक शब्द राहतो.
ऑब्सोलेसंट.
म्हणजे बंद पडणार, हे सगळ्यांना ठाऊक,
पण आज सकाळी चालू.
त्यांनी खोडरबर शोधला. मग थांबले.
कोणता बरोबर, सेन्सेई?

तेवढ्यात नायना आला पाणी बंद करायला.
मागाच्या खटखटीनं कान गेलेले, त्यामुळे मोठ्यानं बोलतो.
पडद्यात म्हातारा दिसला, त्याच्या खांद्यावर टावेल.
नायना वाकला, काचेवर नख टेकवलं
आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं:
पिक किती?

मी भाषांतर करायला तोंड उघडलं.
कुराशिगे-सान उठून उभे राहिले होते.
टावेल कॅमेऱ्याला चिकटवून, त्याच जागी नख ठेवून,
एका दमात, उ न चिकटवता:
फोर्टी-टू.
नायनानं मान हलवली. बरा आहे माल, म्हणाला.
आणि नळ बंद करून गेला.

कोशात पिक आहे. उचलणं, निवडणं,
दात कोरणं, टिकाव.
नखाखालचा तो अर्थ माझ्या कोशात नाही.
वहीतलं वाक्य मी तपासलं नाही अजून.
यादी क्रमांक अडतीस, शब्द पहिला: पिक.
पुढची जागा कोरी ठेवलीय,
उद्या साडेपाचला विचारीन त्यांना.