डावा हात

पुंता अरेनासमध्ये जुलैची रात्र,
वारा असा की तावदान
रात्रभर कडीशी भांडतंय.
आठ नंबरच्या खाटेवर नोल्बेर्तो ओयार्सुन,
चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या,
आता पोटातला व्रण आतल्या आत पाझरतोय.

सव्वादोनला रक्ताची पिशवी लावली.
मी आणि मारिसेल, दोघींनी मोठ्यानं वाचलं:
नाव, गट, नंबर, मुदत.
मग पहिली पंधरा मिनिटं
खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसले,
चुलीवरच्या दुधावर नजर ठेवावी तशी.

तीनच्या सुमाराला कळ आली.
गुडघे पोटाशी घेऊन
त्यांनी शिवी घातली ती वाऱ्याला.
दुखण्याचं औषध लिहिलेलं होतं,
सिरिंज भरलेली होती,
आणि सुई लागलेली शीर एकच.

फोनवर डॉक्टर कुसानोविच, रुजू होऊन तीन आठवडे:
"त्या नळीला फाटा आहे ना? त्यातूनच द्या."

फाटा आहे.
दार आहे म्हणून कुणालाही आत घेतो का आपण?
रक्ताच्या सोबतीला मिठाचं पाणी, बस.
साखरेच्या पाण्यात पेशी फुगून फुटतात,
कॅल्शियम भेटलं तर नळीतच गुठळ्या.
आणि हे औषध?
समजा मिसळलं, काही झालं नाही.
समजा झालं. अंगावर पुरळ, हुडहुडी, ताप.
मग कुणाची कॉलर धरू,
दोघं एकाच दारानं गेल्यावर?

रक्त थांबवावं, नळी धुवावी, औषध द्यावं, परत धुवावं,
तसंही करता येतं.
पण पिशवीचे चार तास थांबत नाहीत
आणि या माणसात रक्त उरलंय
अर्ध्याहून कमी.

"नाही डॉक्टर. दुसरी शीर शोधते."
"नाही सापडली तर?"
"तर परत फोन करीन. झोपू नका."

डावा हात मागितला.
म्हणाले, हा कातरीचा नाही,
हा मेंढीला धरायचा.
तळवा अजून मऊ, लोकरीच्या तेलानं,
पण मनगटाच्या वर कातडी अशी
की शीर दिसते आणि बोटाखालून पळते.

पहिल्यांदा चुकले.
ते काही बोलले नाहीत. मला ते जास्त लागलं.
गरम पाण्यात फडकं पिळून हातावर गुंडाळलं,
आणि आम्ही दोघं थांबलो.
पिशवीतले थेंब पडत होते, ते कण्हत होते,
मी घड्याळाकडे बघायचं टाळत होते.
वेदनेसमोर नियम धरून बसलेली बाई
स्वतःला किती कोरडी वाटते,
हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

"मेंढी पळायला लागली," ते अचानक म्हणाले,
"की घट्ट धरू नये.
नुसता हात ठेवावा."

मी नुसता हात ठेवला.
कोपराच्या खाली, आतल्या बाजूला,
एक बारीक शीर उभी राहिली.

तीन चोवीसला औषध, डाव्या हातातून, सावकाश.
उजवीकडे रक्त आपल्या चालीनं.
गुडघे हळूहळू सरळ झाले.
पाच पन्नासला पिशवी रिकामी.

नोंदवहीत लिहिलं: वेगळी शीर, डावा हात, वेळ.
पहिलं टोचणं फुकट गेलं,
तेही लिहिलं.