अर्धा गुण

पूर्वपरीक्षेचे पेपर मांडीवर घेऊन बसलेय
शीवच्या डायलिसिस सेंटरबाहेर, निळ्या खुर्चीत.
आत बाबा. मशीन नंबर चार.
चार तास, आठवड्यातून तीनदा.

प्रश्न दुसरा, अ : सेंद्रिय आणि असेंद्रिय पदार्थांतला फरक लिहा. गुण दोन.
एकेचाळीस जणांनी गाइडमधलं उतरवलंय,
मधोमध पट्टीने आखलेली रेघ,
डावीकडे साखर, उजवीकडे मीठ,
जशा काही दोन जावा वेगळ्या चुली मांडून बसल्यात.

फिरदोस कोतवडेकरने रेघच मारली नाही.
तिने लिहिलंय :
तव्यावर टाकल्यावर काळं पडतं ते सेंद्रिय.
नुसतं तडतडतं आणि तसंच राहतं ते असेंद्रिय.
अब्बांच्या बेकरीत दोन्ही लागतात, नाहीतर पाव बसतो.

नमुना उत्तरात तवा नाही.
मी पेन थांबवून ठेवलंय.

बाबा मिठागरावर होते, भांडुपच्या खाडीला, छत्तीस वर्षं.
कोंडीतल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून सांगायचे,
"उद्या धरल."
आणि धरायचं.
एकदा मी कॉलेजातून हायड्रोमीटर आणला.
त्यांनी तो उन्हात धरून फिरवून बघितला, परत दिला,
"ताप कोनाला आलाय गो?"

संध्याकाळी घरी आले की मानेच्या घडीत पांढरी रेघ.
आई ओल्या फडक्याने पुसायची.
सहा वर्षांची असताना मी ती चाटून बघितली होती.

दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, दारात बसले होते,
मानेवर, भुवयांत तसंच पांढरं.
मी आईसारखंच फडकं भिजवलं, पुसलं, हसलेसुद्धा :
काय हो, आगरात जाऊन आलात की काय?
आगर बंद होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

ते मीठ नव्हतं.
युरिया होता.
मूत्रपिंडांनी हात टेकल्यावर
घामावाटे बाहेर आलेला, कातडीवर वाळलेला.
आणि मला कळलं नाही,
मला, जी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते
की लोक मानायचे हे फक्त जित्या देहातच बनतं,
मग दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ते बनवलं काचेच्या भांड्यात,
ना देह, ना मूत्रपिंड,
आणि दोन शास्त्रांमधली भिंत पडली.
खडूने भिंत काढायचे मी फळ्यावर, डस्टरने पाडायचे.
पोरं हसायची.

आता घरात बटाटे चिरून रात्रभर पाण्यात,
सकाळी पाणी फेकायचं, त्याबरोबर पोटॅशियम.
मामाने आणलेली शहाळी शेजारच्या बाळंतिणीला.
मीठ चमच्याच्या टोकावर, तेही मी झाकून ठेवते
ज्याने टेकड्या रचल्या त्याच्यापासून.
"यवरी शिकलीस, मना चिमूटभर देववत नाय?"
मी सोडियमबद्दल बोलते. ते भिंतीकडे बघतात.

साडेपाचला सिस्टरने दार उघडलं.
दंडावर कापसाचा बोळा दाबत बाबा बाहेर आले,
शेजारी बसले, जरा धापत.
"कती पास?"
मी त्यांना फिरदोसचं उत्तर वाचून दाखवलं.
पुन्हा वाच म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही,
पाण्याच्या मशीनचा घरघर आवाज तेवढा.

"तवा बरोबर हाय. पोरगी हुशार.
पन मीठ तसंच रातं, ह्यो खोटं.
मानसात मुरतं ते.
अर्धा काप तिचा."

मी दोन दिले होते. दोन्हींवर गोल केला होता.
पेनाचं टोपण लावलं,
आणि त्यांची चप्पल शोधायला वाकले
खुर्चीखाली.