गव्हाएवढं पुढं

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
चार महिने मी रंकाळा बनवत होते.
खरा रंकाळा रिक्षाने पंधरा मिनिटांवर.

नेजदार डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
ज्यांची छाती उगाच धडधडते
त्यांना दहा मिनिटं बसवता येईल
असं एखादं पाणी करून दे.

मग मी पुसत गेले.
आधी हॉर्न. मग जलपर्णी.
निर्माल्याच्या पिशव्या, भेळेच्या गाड्या,
काठावर भांडणारं एक जोडपं, ज्याचा मला चार दिवस मोह झाला होता.
म्हशी तर पहिल्याच आठवड्यात गेल्या.
संध्यामठ ठेवला, कमरेएवढ्या पाण्यात.
पलीकडे शालिनी पॅलेसचं घड्याळ ठेवलं
आणि काटे काढून घेतले.
लाटा श्वासाला बांधल्या:
चार मोजून आत, सहा मोजून बाहेर.
सूर्य बुडायच्या बेतात आणून
तिथेच अडकवून ठेवला.

रात्री मी स्वतःच आत जाऊन बसायचे.
पाण्याच्या पोतात एक शिवण दिसायची,
ती शोधता शोधता तीन वाजायचे.
डब्यातली भाकरी तशीच.
झोप मलाही येत नव्हती. हे बाईंना सांगितलं नाही.

पहिले आले हिंदुराव चौगुले.
एकतीस वर्षं शिरोलीत, फाउंड्रीच्या भट्टीवर.
टोपी काढेनात, म्हणून पट्टा टोपीवरूनच आवळला.
नाडी एकशे चार.

दोन मिनिटं गेली.
त्यांची बोटं खुर्चीच्या दांड्यात रुतली.
एकशे अठरा.

‘बाई, हितं काय झालंय?’
काही नाही, काका. शांत आहे.
‘त्येच की. लई शांत हाय.
आमच्यात असं शांत झालं की पळायचं असतंय.
करंट गेला, लोखंड भट्टीतच गोठलं,
न्हाईतर कुणाचा तरी हात…’
पुढचं ते बोलले नाहीत.
हेडसेट काढून माझ्याकडे बघत राहिले.
‘लांब कुठंतरी कायतरी चालू असू दे.
आन् म्हशी कुठं गेल्या तळ्यातल्या?
घड्याळाला काटं लावा ओ,
शिफ्ट कधी सुटायची कळंना.’

मी रेकॉर्डर घेऊन उद्यमनगरात गेले.
एका भिंतीआड उभी राहून
चालू लेथचा आवाज पाऊण तास भरून घेतला.
आतल्या पोराने विचारलं, कुणाला हुडकताय?
मला उत्तर सुचलं नाही.
तो आवाज पाण्याच्या तळाशी ठेवला,
ऐकू येऊ नये,
पण थांबला तर कळावं, इतका हळू.
काटे परत लावले.
म्हैस एकच जमली, तीही अधूनमधून
पाण्यावर चालायची.

‘चालंल,’ हिंदुराव म्हणाले, ‘म्हसच हाय ती.’
मग बराच वेळ नुसतं बघणं.
‘हितला नंदी म्हणं गव्हाएवढा फुडं सरकतोय
आन् तांदळाएवढा मागं.
तळ्यापतूर पोचला की जग बुडतंय.
म्हातारी माणसं सांगायची.
मी म्हणायचो, मग घाई काय हाय?’

एकशे दोन. नव्व्याण्णव. परत एकशे एक.
सत्त्याण्णव.
मान डावीकडे कलली, तोंड थोडं उघडलं.
दहा मिनिटं झाली तेव्हा
मी टायमर बंद केला
आणि भिंतीला टेकून फरशीवर बसले.
जमिनीखाली झेरॉक्स मशीन चालू होतं,
कुणाचा तरी सात-बारा, कुणाचे मार्क,
एकसारखं, घरघर, घरघर.

मशीन थांबलं
आणि मला जाग आली.
खोलीत अंधार. खुर्ची रिकामी.
टेबलावर हेडसेट,
त्याच्याखाली चौघडी करून घातलेलं वर्तमानपत्र,
गरम भांडं उतरवताना घालतात तसं.