डाव्या डोळ्याची तारीख

प्रेस्टनच्या इस्पितळात उजव्या डोळ्यातला मोती काढला,
सतरा मिनिटांत.
डावा ठेवला पुढे कधीतरी. पत्र येईल म्हणाले.

तोवर मी लहान पोरीसारखी खेळत बसते.
उजवा झाकला की स्वयंपाकघर शिळ्या चहाच्या रंगाचं,
डावा झाकला की भिंत पांढरी, इतकी पांढरी
की कोपऱ्यातलं जाळं दिसलं
आणि येऊन गेलेल्या सगळ्या पाहुण्यांची लाज वाटली.
आरशात काय दिसलं ते सांगत नाही.

बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये सूप असतं, मसुराचं.
मी हळूच जिरं घालते. कुणी विचारत नाही.
दाराशी, छपराखाली, तो बसतो ऑगस्टपासून.
आमच्या जिरेनियमच्या कुंड्यांत त्याची थोटकं.
तक्रार मीच केली होती, सभ्य शब्दांत.
वास म्हटलं नाही. 'वातावरण' म्हटलं.
बघू हं, मिसेस उजागर, म्हणाल्या पाळकबाई जॅनिस.
वीस वर्षांत त्यांना माझ्या नावातला 'रे' सापडलेला नाही,
आणि मी त्यांना क्षमा करत आले दर रविवारी,
स्वतःवर खूश होत.

त्या बुधवारी वाडगा घेऊन वाकले.
नोव्हेंबर, चार वाजताच अंधारून आलेलं.
पापणीचा केस टोचला म्हणून
डावा डोळा मिटला.

पोतं होतं तिथे कोट झाला.
कोटाला पाच बटणं,
चार काळ्या दोऱ्यानं, पाचवं निळ्या.
डीपडेलच्या दुकानात मी चाळीस वर्षं
लोकांच्या कमरा सैल केल्या, झिपा बसवल्या,
म्हणून आधी टाके दिसले, माणूस नंतर.
बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन मान केलेली,
जाड कापड आत मावावं म्हणून.
शिकाऊ पोरींना मी हे तीनतीनदा सांगायची.
तरी विसरायच्या.

कुणी शिवलं? मी विचारलं.
चार महिन्यांत 'घ्या' सोडून माझा पहिला शब्द.
मीच, तो म्हणाला. तुरुंगात शिकलो.

आणि मी एक पाऊल मागे सरले.
खोटं कशाला सांगू. सूप हिंदकळलं, अंगठा भाजला.
त्यानं ते पाऊल पाहिलं.
पाहून खाली बघितलं, सवयीनं,
जशी मी खिडकीबाहेर बघायची चौऱ्याहत्तर साली
बसमध्ये, माझ्या शेजारची जागा रिकामी
आणि माणसं उभी.

राहुरीच्या संडे स्कूलमध्ये थोरातबाई सांगायच्या
त्या आंधळ्याची गोष्ट, ज्याच्या डोळ्यांवर
प्रभूला दोनदा हात ठेवावा लागला.
मी विचारलं होतं, एकदा जमलं नाही का प्रभूला?
बाईंनी तासभर उभं केलं, कौलांखाली, उन्हाकडे तोंड करून.
आता वाटतं, दोनदात भागलं
त्याचं नशीब.

पाऊल पुन्हा पुढे टाकलं. फार जड गेलं.
वाडगा दिला. नाव सांगितलं, हिरा उजागरे.
त्यानं ते परत म्हटलं, 'रे'सकट.
मी थ्रेलफॉल, म्हणाला. अ‍ॅल्विन.
काळा दोरा असेल का? निळा शोभत नाही.
असू द्या, मी म्हटलं, टाका चांगला आहे.
मग वाटलं, त्यानं दोरा मागितला होता,
शेरा नव्हे.

पुढच्या बुधवारी पर्समध्ये काळं रीळ, दोन सुया.
तो नव्हता.
जॅनिसबाईंना विचारलं, त्यांना माहीत नव्हतं.
कुणालाच नव्हतं. थ्रेलफॉल कोण, म्हणाले,
आणि मी सांगायला लागले, तेव्हा लक्षात आलं
की मला त्याच्या बटणापलीकडे काही माहीत नाही.

कुंडीत तीन थोटकं होती, ओली.
ती काढली नाहीत.
रीळ पर्समध्येच आहे, चाव्यांना गुंततं.
पत्र अजून आलेलं नाही.