टर्मिनेटर

अंबड एमआयडीसीत, बंद फाउंड्रीच्या मागच्या खोलीत
बच्छावांचा सर्व्हर अजून उभा आहे.
आत चार स्कझी डिस्क, नऊ-नऊ जीबीच्या,
विटेसारख्या जड.
माझ्या खिशातल्या नखाएवढ्या कार्डात
चौघी मावून वर जागा उरेल.

"पंपाच्या साच्यांची ड्रॉइंगं आहेत त्यात.
सिन्नरहून गिऱ्हाईक आलंय."
वीस वर्षांनी.

मी जंपर मोजतो: शून्य, एक, दोन.
तिसरीवर नेलपॉलिशचा ठिपका.
"सुलक्षणाचा. तीच बघायची हे सगळं."
पुढे काही बोलत नाहीत.

बटण दाबतो. तिघी हुंकारत चढतात,
ठिपक्याची गप्प.
काढून तळहातावर घेतो, मनगटाला एक झटका,
भोवरा सोडावा तसा.
पुन्हा लावतो. फिरते.

तरी वाचता येईना.
केबलच्या टोकाला टर्मिनेटरच नव्हता.
तो नसला की बोललेलं
टोकाला आपटून माघारी येतं,
शब्दावर शब्द चढतो, कुणाचं कुणाला कळत नाही.
माझ्या डब्यात एक निघाला.

दहा वाजेपर्यंत ड्रॉइंगं उतरत होती.
बच्छाव स्टुलावर बसून
तो शिट्टीसारखा आवाज ऐकत राहिले.
झालं म्हणालो, तर म्हणाले,
लगेच नको बंद करू.