चाचणीपुरतं

घणसोलीत, माथाडी वसाहतीच्या वाचनालयात
एक लॅपटॉप देणगीत आला. झाकणाला भेग,
एंटरचं बटण दाबलं की खालीच राहणारं.
आम्ही चौघं म्हणालो, लिनक्स टाकून देतो,
एका रविवारचं काम, फार तर दोन तास.

तीन रविवार गेले.

विल्फ्रेड म्हणाला, डेबियन. यात चर्चा कसली?
जुनं असतं ते मोडत नाही.
तो ऐरोलीत चौदा वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत राहतो,
पंखा करकरतो, बदललेला नाही.

हेमांगी म्हणाली, खिडक्या एकमेकींवर चढू का द्यायच्या?
शेजारी शेजारी बसवा, फरशीसारख्या,
माऊसला हात लावायची पाळीच नको.
तिच्या पडद्यावर चित्र नाही, चिन्ह नाही,
सहा काळे चौकोन. त्यांच्यात ती फिरते
मिसळणाच्या डब्यात हात फिरतो तशी, न बघता.

इम्तियाज खोताला केडीईच हवं.
सगळं बदलता येतं, म्हणतो,
आणि सगळं बदलत बसतो.
खालची पट्टी वर, वरची डावीकडे.
घड्याळात सेकंद दिसावेत की नाही
यात त्याचा चहा दोनदा गार झाला.

मी स्वतःला मध्यस्थ समजत होतो.
मग कोणीतरी एक्सएफसीईला भिकार म्हणालं
आणि माझाच आवाज रस्त्यावर ऐकू गेला.

सुलभाताई कडू दोन टेबलं सोडून
वर्गणीच्या पावत्या फाडत होत्या.
त्यांनी एकदाच विचारलं,
"यात गोऱ्हे नीट उमटेल ना?
मागच्या मशीनवर त्यांच्या नावातला र मोडून पडायचा.
दर महिन्याला वाईट वाटायचं त्यांना."
आम्ही म्हणालो, हो हो,
ते फॉन्टचं, ते शेवटी बघू.

निघताना विल्फ्रेडने पेनड्राइव्ह खोचून दिला,
मराठी कीबोर्ड तेवढा लावला.
हे नुसतं चाचणीपुरतं, ताई. हाताळून बघा.
बंद केलंत की सगळं पुसलं जाईल.

पुढच्या रविवारी हेमांगीला ऑफिस,
त्यापुढच्या रविवारी विल्फ्रेडच्या भाचीचं लग्न.
एकविसाव्या दिवशी आलो,
तर लॅपटॉप उघडाच. त्यावर धुतलेला नॅपकिन,
प्लग निसटू नये म्हणून वायरीवर विटेचा तुकडा,
आणि स्विचबोर्डावर लाल शाईत:
बंद करू नये. आत पुस्तकं आहेत.

एकोणीसशे बारा पुस्तकं.
नाव, लेखक, कपाट, कोणाकडे गेलंय, कधीपासून.
सगळी अशा जागी, जी वीज असेपर्यंतच असते.

"मंगळवारी तर दुपारभर वीज नव्हती," इम्तियाज म्हणाला.
"बॅटरी चाळीस मिनिटं टिकली.
मग चक्कीवाल्या भोईरांच्या इन्व्हर्टरवर नेला.
झाकण न मिटता. जिना उतरून, गल्ली ओलांडून."
कसा, ते त्यांनी हातांनी करून दाखवलं,
काठोकाठ भरलेलं पातेलं नेतात तसा.

हेमांगीने किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवला.
एवढीशी फाइल. डोळा लवायच्या आत उतरली.
तरी पुन्हा उतरवली.
मग विल्फ्रेडच्या फोनवर, मग माझ्या.
बराच वेळ कोणी कुठलंच नाव काढलं नाही.

मी पडदा बघत होतो.
जसा आला तसाच निळा, पट्टी जिथल्या तिथे,
आमच्यातल्या एकानेही स्वतःच्या घरी
तासभर ठेवला नसता असा.
घड्याळ साडेपाच तास मागे.
आणि तीनशे चाळिसाव्या ओळीत, गोऱ्हे.
र ह ला बिलगून, कुठेही न मोडलेला.
"सगळी बटणं दाबून पाहिली," ताई म्हणाल्या.
"शिफ्ट आणि जे. वहीत लिहून ठेवलंय."

मग इन्स्टॉल करायला घेतलं.
हेमांगी म्हणाली, "पण निदान..."
इम्तियाज म्हणाला, "पट्टी मात्र..."
विल्फ्रेड हसला, आणि खरं सांगायचं तर
मीही खुर्ची पुढे ओढलीच.

पावत्यांवरून मान वर न करता ताई म्हणाल्या,
"काय हवं ते करा.
घड्याळ तेवढं दुरुस्त करू नका हं.
साडेपाच मिळवायची आता सवय झालीय."